एकतीस नंबरच्या कॅनचं झाकण

होवदाल,
९ जून

ती. टोर्ग्रिमदादास,

धाकट्या ऑस्नेचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं; क्षेम काहीही नाही. तुमचा गुडघा कसा आहे? बर्गनचा पाऊस थांबला का? (थांबला नसणारच, पण विचारलं नाही तर बहिणीला काळजी नाही असं होतं.) वहिनींना नमस्कार सांगा. बाबांच्या दुधाच्या कॅनवर गुलाब रंगवून त्यांनी तो दाराशी छत्र्या ठेवायला केलाय, तो अजून तिथेच आहे ना? डेअरीने दिलेला आपला ३१ हा नंबर त्या गुलाबांखाली गेला म्हणून तेव्हा मी वहिनींशी दोन महिने बोलत नव्हते. ते बोलणं न बोलणं सगळं मी मागे घेते. थोरल्या भावाला पत्रात ‘तुम्ही’ म्हणायचं ही आईची शिस्त मी इथपर्यंत पाळली. यापुढे जमणार नाही, कारण मला भयंकर राग आला आहे, आणि ‘तुम्ही’ म्हणत रागावलं की अर्धा राग वाया जातो.

तर दादा, आपलं ग्रोवत्न. तळं तेच, पाणी तेच, फक्त मासा तो नाही. आपण लहान असताना एक ट्राउट भाजला की घरातले पाच जण जेवायचे आणि मांजर शेपटीवर झोपायचं. गेली दहा-बारा वर्षं मासा बारीक होत चाललाय. डोकं तेवढंच राहिलं, अंग आटलं. तरी दर सप्टेंबरात मी आईच्या लाकडी पिंपात मीठ घालून मासे मुरवायला ठेवते आणि नाताळात उघडते, कारण नाताळात मुरवलेला मासा नसेल तर त्या घरात माणसं राहत नाहीत असं आई म्हणायची. चार वर्षांपूर्वीच्या नाताळात मी तुझ्यापुढे ताटली ठेवली. तू पातळ पोळीत मासा, कांदा आणि आंबट साय घातलीस, एक घास खाल्लास, ताटली दोन बोटं पुढे सरकवलीस आणि म्हणालास, ‘‘ऑस्ने, मासा आता पूर्वीचा राहिला नाही.’’ बस्स. त्यानंतरचे सगळे नाताळ तू बर्गनला वहिनींच्या माहेरच्यांबरोबर मेंढीच्या बरगड्या चघळत काढलेस. फोनवर गुडघ्याचं नाव सांगतोस. दादा, मासा गुडघ्याने खात नाहीत. (मी रडत वगैरे नाही, रागावलेली आहे. कागदावर जो डाग दिसतोय तो कॉफीचा आहे.)

म्हणून मी ठरवलं की ग्रोवत्नात नवं मत्स्यबीज सोडायचं. रीतसर, परवानगीने, सरकारी पैशाने. जिल्ह्याचा एक मत्स्यनिधी आहे; डोंगरातल्या तळ्यांत मासे सोडायला तो मदत करतो, असं मच्छिमार मंडळाच्या बैठकीत आपले अध्यक्ष हॅल्दोर यांनी सांगितलं. हॅल्दोर म्हणजे तोच, बस चालवायचा तो. हल्ली निवृत्त झालाय आणि वळणावर हॉर्न वाजवायची हौस सभेत भागवतो. प्रत्येक वाक्यात ‘प्रक्रिया’ हा शब्द आला नाही तर त्याला जेवण पचत नाही. मी मंडळाची चिटणीस, म्हणजे प्रक्रिया त्याची आणि काम माझं. अर्ज एकोणीस पानांचा. तळ्याची खोली, तळ्याचा उतार, तळ्याकाठी राहणारे पक्षी, तळ्याबद्दल तरुण पिढीला काय वाटतं! (तरुण पिढी म्हणजे आपल्या म्हाताऱ्या एम्ब्रिकचा जावई. तो त्रेपन्न वर्षांचा आहे आणि त्याला तळ्याबद्दल काही वाटत नाही.) चौदावा प्रश्न होता : सध्या तळ्यात साधारण किती मासे आहेत? मी ठळक अक्षरात लिहिलं : ‘जवळजवळ नाहीत.’ दोनदा अधोरेखित केलं. हॅल्दोरने सही करताना विचारलं, ‘‘हे नक्की ना गं?’’ मी म्हटलं, ‘‘तुझी बस वेळेवर यायची त्यापेक्षा नक्की.’’ या वाक्याचा मला आता फार पश्चात्ताप होतो.

निधीची अट अशी की थोडा वाटा मंडळाने स्वतः उभा करायचा. म्हणजे वॉफल! या खोऱ्यात चर्चचं छप्पर गळो, शाळेचा बाजा फुटो नाहीतर पूल वाहून जावो, उत्तर एकच, वॉफल. तर गेल्या वर्षी ईस्टरला स्कीच्या वाटेवर तंबू ठोकला. मी पहाटेपासून पीठ कालवलं. हॅल्दोरने तिन्ही साचे एकाच तारेवर जोडले आणि पहिल्याच वॉफलला आख्ख्या वरच्या वाडीची वीज गेली. लोक उन्हात संत्री सोलत बसले आणि जाता जाता मला ‘छान हवा आहे’ असं सांगून गेले. उरलं सोडतीचं तिकीट. ती काढली, तर एम्ब्रिकने दिलेला बर्चचा जळाऊ लाकूडफाटा एम्ब्रिकलाच लागला. मी विणलेले मोजे मलाच लागले, आणि वर लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मला उठून ‘धन्यवाद’ म्हणावं लागलं. ते मोजे मी रागाने अजून पायात घातलेले नाहीत. पण पैसे जमले, कारण या खोऱ्यातली माणसं स्वतःचीच वस्तू परत मिळवायला हसत हसत तिकीट काढतात.

मग ऑगस्टात जिल्ह्याने तज्ज्ञ पाठवली. इंग्विल्ड तिचं नाव. एवढीशी मुलगी, पण पाठीवर माझ्या वजनाची पिशवी. मला वाटलं होतं, ती येईल, तळ्याकडे बघेल, मान हलवेल आणि पैसे मंजूर करेल. पण नाही! ती म्हणाली, ‘‘काकू, आधी बघायला हवं, तळ्यात आहे काय ते.’’ मी म्हटलं, ‘‘चौदाव्या प्रश्नाचं उत्तर वाच.’’ ती म्हणाली, ‘‘वाचलं. दोनदा अधोरेखित आहे.’’ आणि तिने वेगवेगळ्या भोकांची आठ जाळी संध्याकाळी पाण्यात सोडली. सकाळी जाळी ओढायला हॅल्दोर, एम्ब्रिक आणि मी अशी मंडळाची सगळी कार्यकारिणी हजर. पहिलं जाळं वर येईना. हॅल्दोर म्हणाला, तळाच्या ओंडक्यात अडकलं असेल. ओंडका कसला दादा, मासे! आठ जाळ्यांत चारशे बारा मासे. एकेक वीतभर, डोकं घोड्याचं आणि अंग शेवईचं. ती मुलगी मोजत होती आणि मी चारशे बारा वेळा जमिनीत गेले. एम्ब्रिक काठावर बसून म्हणाला, ‘‘जवळजवळ नाहीत म्हणतात ते हेच का गं?’’ चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला तळ्यात ढकलता येत नाही, हा या देशाच्या कायद्यातला मोठा दोष आहे.

अहवाल आला यंदा वसंतात, आणि सभा झाली परवा गुरुवारी. सभागृहात सगळे कॉफी आणि केक घेऊन बसलेले, जणू कुणाचा साखरपुडा आहे. इंग्विल्डने उभं राहून सांगितलं की ग्रोवत्नात मासे कमी नाहीत, खाणारी तोंडं जास्त आहेत. तळ्यात जेवण शंभर जणांचं आणि पंगतीला हजार, म्हणून सगळेच उपाशी आणि सगळेच बारीक. मत्स्यबीज सोडायला एक पैसा मिळणार नाही. उलट मासे काढावे लागतील. तीन उन्हाळे, बारीक भोकांच्या जाळ्यांनी, हजारोंनी. त्यासाठी जाळी निधी देईल. आणि मग ती जरा थांबून म्हणाली, ‘‘एक गोष्ट मला कळली नाही. हे सगळे मासे एका कुळाचे नाहीत. तीन-चार वेगवेगळ्या ओढ्यांचे आहेत. ते ओढे डोंगराच्या पलीकडे आहेत. मासे डोंगर चढून आले कसे?’’

सगळ्यांनी एकदम आपापल्या कपात डोकं घातलं. तुला आपली माणसं ठाऊक आहेत. इथे कुणी मासे कुठे मिळतात ते सांगत नाही, आणि चांगलं काम केलं तर तेही सांगत नाही. दोन्ही लपवण्याच्याच गोष्टी. शेवटी एम्ब्रिकने कप खाली ठेवला. ‘‘मीच नेले. दोनदा, सासऱ्याच्या ओढ्यातून. कमी झालेत असं वाटलं. तुरुंगात न्यायचं तर न्या, तिथे जेवण तरी वेळेवर मिळेल.’’ मग हॅल्दोर स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, ‘‘प्रक्रियेत थोडी गडबड माझ्याकडूनही झाली. एकदाच. म्हणजे तीनदा. बसमधून.’’ पाण्याची पिशवी पुढच्या सीटवर, पट्टा बांधून! आणि उतारूंना काय सांगितलं, तर नात झोपली आहे, बोलू नका! त्यानंतर मागच्या रांगेतून हात वर येऊ लागले. सुतार. चर्चचा बाजा वाजवणारा. एम्ब्रिकचा जावईसुद्धा, ज्याला तळ्याबद्दल काही वाटत नाही! प्रत्येकाने चोरून, प्रत्येकाने एकट्याने, प्रत्येकाने गावाच्या भल्यासाठी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. म्हटलं, अरे लाज वाटत नाही? परवानगीशिवाय मासे सोडणं गुन्हा आहे हे तळ्याकाठच्या पाटीवर लिहिलंय, ती पाटी मी रंगवली आहे, दोन थर! मी एकोणीस पानं भरली, पीठ कालवलं, आणि तुम्ही रात्रंदिवस पिंपं घेऊन डोंगर चढत होतात? एकाने तरी तोंड उघडलं असतं तर आज आपल्याकडे मासे राहिले असते, माशांची भुतं नाही! मी पाच मिनिटं बोलले. (एम्ब्रिक म्हणतो वीस.) कुणी वर बघितलं नाही. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात त्या मुलीने पिशवीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. ‘‘हे एका जाळ्यात आलं. दुधाच्या कॅनचं झाकण दिसतंय. कुणाचं असेल तर घेऊन जा, जपून ठेवण्यासारखं आहे.’’ त्यावर डेअरीचा नंबर होता. कुठला ते मला नीट दिसलं नाही, शेवाळ होतं. एम्ब्रिक तीस वर्षं डेअरीच्या गाडीवर होता, त्याला खोऱ्यातल्या प्रत्येक घराचा नंबर स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसापेक्षा चांगला पाठ आहे. त्याने झाकण हातात घेतलं, अंगठ्याने पुसलं, वाचलं आणि शेजारच्याला दिलं. झाकण सगळ्या टेबलावरून फिरून परत जागेवर आलं. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांना एकदम खिडकीबाहेरची हवा आवडली. आणि मग एम्ब्रिक उठला, त्याने माझ्या कपात कॉफी ओतली, न विचारता साखरेचे दोन खडे टाकले, आणि केकचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्यापुढे सरकवला. दादा, लोकांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. केकला काय उत्तर देणार? मी तो खाल्ला. शेवटच्या कणापर्यंत, सगळ्यांसमोर.

असो. सभेने ठराव केला : ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून तळ्यातून मासे काढायचे. जो तो आपापली होडी घेऊन येणार. या खोऱ्याने तीस वर्षं चोरून जे पाण्यात घातलं ते आता तीन वर्षं उघडपणे बाहेर काढायचं, आणि त्याला हॅल्दोर प्रक्रिया म्हणतो. तेवढं कळवण्यासाठी हे पत्र. बाकी काही नाही. गुडघ्याला तेल लाव. वहिनींना पुन्हा नमस्कार. लोभ आहेच, राग निवळला की दिसेल.

तुझी,
ऑस्ने

ता. क. १ : शेवाळाचं मी खोटं लिहिलं. नंबर एकतीस होता. आणि तो तिथे तुझ्यामुळे गेला. तू बोटीवर नोकरीला जायच्या आदल्या आठवड्यात डोंगरापलीकडून आपण दोघांनी कॅन आणला, एक कान तुझ्या हातात, एक माझ्या, आत ऐंशी पिल्लं. काठावरच्या बर्फावरून तू घसरलास, झाकण उडालं आणि बुडालं. मी म्हटलं, काढ. तू म्हणालास, ‘‘राहू दे गं, इथे कोण बघायला येतंय?’’ आली, दादा. एक मुलगी आली, आठ जाळी घेऊन.

ता. क. २ : आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. तुझ्याबरोबर ते एकदा. त्यानंतर मी एकटीने आठ वेळा नेले. पाठीवरच्या पिशवीत प्लास्टिकचं पिंप, आणि वाटेत दर अर्ध्या तासाला सायकलच्या पंपाने पाण्यात हवा. ती पाटी रंगवली त्या वर्षीसुद्धा. मासा बारीक झाला की मला वाटायचं कमी पडताहेत, म्हणून आणखी नेले, की आणखी बारीक झाले. तू यायचा बंद झालास त्यानंतरच्या वसंतात तर दोनदा गेले. तुला पूर्वीचा मासा खायला मिळावा म्हणून मी तो स्वतःच्या हाताने संपवला. परवा सभेत मी ज्यांना बोलले त्यांच्यात सगळ्यात मोठी गुन्हेगार उभी राहून बोलत होती. हे त्यांना माहीत नाही, तुलाच सांगते आहे. (डाग कॉफीचा नाही.)

ता. क. ३ : होडीला दोन माणसं लागतात. एक वल्ही मारायला, एक जाळं सोडायला. एम्ब्रिकने मला विचारलं, तुझ्या होडीत वल्ही कोण मारणार? मी म्हटलं, दादा. तो म्हणाला, ‘‘त्याचा गुडघा?’’ मी म्हटलं, वल्ही बसून मारतात. हॅल्दोरने लगेच यादीत लिहिलं : होडी क्रमांक दोन, जाळी – ऑस्ने, वल्ही – टोर्ग्रिम. ती यादी दुकानाच्या दारावर लागली आहे, सगळ्या खोऱ्याने वाचली आहे, आणि मी आता कुणालाही काहीही सांगायच्या परिस्थितीत नाही. यंदा मासा वीतभरच मिळेल, पिंपात टाकण्यालायक नाही, तव्यावर भाजून काट्यांसकट खावा लागेल. इंग्विल्ड म्हणते, पूर्वीचा मासा यायला तीन वर्षं तरी लागतील. म्हणजे तुला तीन उन्हाळे यावं लागेल, दादा. मी हिशेब करून पाहिला, मी त्रेसष्टची आहे आणि तू सत्तरचा, आपल्याला जमेल.

ता. क. ४ : झाकण मी घरी आणलंय, घासून खिडकीत ठेवलंय. त्याला कॅन लागेल. छत्र्या तिकडेच ठेव आणि गुलाबांसकट घेऊन ये. फक्त येताना रिकामा आण.